आईची दाढ ठणकते आहे : रूट कॅनल करून वाचवावी की काढून टाकावी?

प्रश्न – कोरेगावची लेक

नमस्कार. माझी आई ६३ वर्षांची असून सातारा जिल्ह्यात गावी राहते. मी नोकरीमुळे पुण्यात असते. तीन आठवड्यांपासून तिची खालची उजवीकडची दाढ दुखते आहे. सुरुवातीला गार पाणी लागले की कळ यायची आणि पाणी गिळले की थांबायची. आता चहाच्या पहिल्या घोटालाच कळ उठते ती पाऊण तास राहते, आणि रात्री आडवे झाल्यावर ठणका वाढतो. मागच्या शनिवारी मी घरी होते, तेव्हा पहाटे तीनच्या सुमारास ती स्वयंपाकघरात बसलेली दिसली. माठातले पाणी तोंडात धरून ती गालात दाढेकडे फिरवत होती आणि कोमट झाले की थुंकून पुन्हा घोट घेत होती. गार पाण्याने तेवढ्यापुरते बरे वाटते, असे ती म्हणाली.

तालुक्याच्या दंतवैद्यांनी तोंड तपासून रूट कॅनल आणि त्यावर कॅप सुचवली आहे. हिरड्यांतून रक्त येते आणि खालचे पुढचे दोन दात किंचित हलतात, म्हणून दातही साफ करून घ्यायला सांगितले आहे. एक्स-रे अजून काढलेला नाही. घरात मात्र चुलते आणि शेजारच्या काकू म्हणतात की या वयात दाढेवर पैसे घालवण्यापेक्षा ती काढून मोकळे व्हावे. दात साफ केले की ते जास्त हलू लागतात आणि वरचा दात काढला तर नजर कमी होते, असेही आईने ऐकले आहे. त्यामुळे ती कशालाच तयार होत नाही.

तिला १२ वर्षांपासून मधुमेह आहे, हृदयासाठी ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिनची गोळी रोज चालू आहे, आणि लग्नाच्या आधीपासून ती मिश्री लावते. दिवसातून चार-पाच वेळा तरी. या सगळ्याचा विचार करून काय करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर – निवृत्त दंतवैद्य

ताई, आपण दुखण्याचे वर्णन इतके नेमके केले आहे की अर्धे निदान त्यातच आले आहे. उरलेले अर्धे एक्स-रेशिवाय करता येणार नाही, त्यामुळे मी जे लिहितो ते आपल्या दंतवैद्यांशी बोलताना उपयोगी पडावे एवढ्याच हेतूने वाचावे.

दाताचे बाहेरचे पांढरे कवच शरीरातील सर्वांत कठीण द्रव्याचे असते आणि त्याला संवेदना नसते. त्याच्या आत पिवळसर थर असतो, त्यात असंख्य सूक्ष्म नलिका असतात. आणि अगदी मध्यभागी नस व रक्तवाहिन्या असलेला मऊ गाभा असतो. ‘कीड लागली’ हा शब्दप्रयोग आपल्या तोंडी इतका रुळला आहे की दातात खरोखर अळी असते असे अनेकांना वाटते, आणि बाजारात बसून दातातून अळ्या काढून दाखवणारे लोक याच समजुतीवर पोट भरतात. अळी वगैरे काही नसते. दातांवर साचणाऱ्या थरातील जिवाणू साखरेचे आणि पिठाचे आम्ल करतात व ते आम्ल कवच विरघळवते. प्रत्येक गोड घोटानंतर लाळ हे आम्ल हळूहळू निवळवते; म्हणून जेवणानंतर एकदा खाल्लेल्या जिलेबीपेक्षा दिवसभर थोडा थोडा घेतलेला गोड चहा दातांना अधिक घातक ठरतो.

कवच पोखरले गेले तरी दुखत नाही. कीड पिवळ्या थरात शिरली की गार, गोड लागल्यावर कळ येते, पण ती लगेच थांबते. या टप्प्यावर कीड कोरून सिमेंट भरले की बहुधा काम भागते. तीन आठवड्यांपूर्वी आईंची दाढ याच टप्प्याच्या शेवटाशी होती असे दिसते. आता मात्र जिवाणू गाभ्यापर्यंत पोहोचले असावेत. शरीरात अन्यत्र सूज आली की तिला पसरायला जागा असते. गाभा चारही बाजूंनी कठीण भिंतीत बंद असल्यामुळे सूज जिरायला वावच नसतो आणि दाब थेट नसेवर येतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त अधिक येते, म्हणून ठणका रात्री वाढतो. गरम चहाने कळ उठणे आणि गार पाण्याने बरे वाटणे ही गाभा पूर्ववत होण्याच्या पलीकडे गेल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. अशा दाढेत नुसते सिमेंट भरून भागत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण घराघरांत याच ठिकाणी फसगत होते. येत्या काही दिवसांत हा ठणका आपोआप थांबू शकतो. तेव्हा सगळे म्हणतील की दाढ बरी झाली, देवाने पाहिले. प्रत्यक्षात आतली नस मेलेली असते. जिवाणू मुळाच्या टोकातून बाहेर हाडात उतरतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, नाहीतर गाल सुजतो. मधुमेह असलेल्या रुग्णात हा संसर्ग वेगाने पसरू शकतो. म्हणून दुखणे थांबले तरी ठरलेली भेट रद्द करू नका. जबड्याखाली सूज उतरणे, तोंड उघडता न येणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, थंडी वाजून ताप येणे यांपैकी काहीही झाले तर दंतवैद्यांच्या वेळेची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

आता आपला मूळ प्रश्न. दाढ ठेवावी की काढावी हे वयावरून ठरत नाही. हिरडीच्या वर भक्कम दात किती शिल्लक आहे, मुळांभोवतीचे हाड किती टिकून आहे आणि मूळ कुठे चिरलेले तर नाही, या तीन गोष्टींवर ते ठरते. हे तिन्ही प्रश्न आपण दंतवैद्यांना याच शब्दांत विचारा आणि एक्स-रेवर दाखवून घ्या. भिंती शिल्लक असतील, हाड अर्ध्याहून पुष्कळ वर असेल, तर ६३ काय आणि ७५ काय, मी दाढ वाचवण्याच्याच बाजूने बोलेन. हाड गेले असेल, दाढ उभी-आडवी हलत असेल, किंवा मूळ उभे चिरले असेल, तर रूट कॅनलवर पैसे घालणे व्यर्थ आहे.

रूट कॅनल या शब्दाची भीती फार आहे, म्हणून त्यात काय करतात ते सांगतो. खालच्या पहिल्या दाढेला साधारणपणे दोन मुळे आणि त्यांत तीन, कधी चार नळ्या असतात. जबड्याच्या मागच्या बाजूला भुलीचे इंजेक्शन देतात. अर्धा ओठ आणि जिभेची एक बाजू बधिर होते. गाभा खूप सुजलेला असेल तर पहिली भूल कमी पडू शकते. अशा वेळी आईंनी सोसत न बसता हात वर करावा, पुन्हा भूल देता येते. दाढेला वरून छिद्र पाडून सुजलेला गाभा काढतात, केसासारख्या बारीक सुयांनी नळ्या घासून रुंद करतात, जंतुनाशक द्रावणाने वारंवार धुतात आणि शेवटी गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने टोकापर्यंत बंद करतात. काम कधी एका बैठकीत होते, कधी दोन-तीन लागतात. नंतर दोन-तीन दिवस चावताना दाढ थोडी दुखते, एवढेच.

कॅपबद्दल मात्र तडजोड करू नका. दुखणे थांबले की बरेच लोक कॅपसाठी परत येत नाहीत. पोकळ केलेली दाढ ठिसूळ असते. एखाद्या दिवशी शेंगदाण्याने किंवा भाकरीच्या कडक कडेने ती उभी चिरते आणि मग वाचवलेली दाढ काढावीच लागते. खालच्या मागच्या दाढेला साधी धातूची कॅप पूर्णपणे चालते. ती कमी खर्चाची असते, तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो आणि बोलताना ती सहसा दिसतही नाही. झिर्कोनियाची घ्या असा आग्रह झाला तरी या दाढेसाठी तो खर्च अनिवार्य नाही, असे माझे मत आहे.

अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका. रूट कॅनलसाठी ती थांबवण्याची गरज नसते. एक दाढ काढायची झाली तरी रक्त दाबून किंवा टाके घालून थांबवता येते, आणि गोळी अचानक बंद केल्याचा हृदयाला होऊ शकणारा धोका त्या रक्तस्रावापेक्षा मोठा असतो. निर्णय हृदयाच्या डॉक्टरांनाच घेऊ द्या. भेट सकाळची घ्या, आईंनी नाश्ता करून आणि मधुमेहाची गोळी घेऊनच जावे, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा अहवाल जवळ ठेवावा. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगावे, कारण त्यातील काही औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याची जखम भरून येत नाही असे क्वचित घडते.

तोवर औषधाच्या दुकानातून कोणतीही वेदनाशामक गोळी आणून देऊ नका. मधुमेहात मूत्रपिंडावर आणि अ‍ॅस्पिरिनबरोबर जठरावर तिचा ताण येऊ शकतो. प्रतिजैविकांनी हा ठणका थांबत नाही, कारण दुखणे बंद पोकळीतल्या सुजेचे आहे. लवंगेचे तेल कापसाच्या छोट्या बोळ्यावर एक थेंब घेऊन खड्ड्यात ठेवले तर काही वेळ आराम पडतो. लवंगेतील तोच घटक आम्ही तात्पुरत्या सिमेंटमध्ये वर्षानुवर्षे वापरत आलो आहोत. तेल हिरडीला लागू देऊ नका, भाजते. गाल सुजला तर बाहेरून शेकू नका.

दात साफ केल्याने ते हलतात, हा समज एका खऱ्या निरीक्षणातून आला आहे, म्हणून तो जात नाही. हिरडीच्या कडेला साचलेला थर लाळेतील क्षारांमुळे दगडासारखा कठीण होतो. या कीटणाखाली हिरडी सुजते आणि हाड हळूहळू झिजते. दात तेव्हाच सैल झालेला असतो, पण शेजारच्या दातांना जोडणाऱ्या कीटणामुळे तो जागेवर बसल्यासारखा वाटतो. कीटण निघाले की सैलपणा जाणवतो, फटी दिसतात, गार पाण्याने दात काही दिवस शिवशिवतात. काही आठवड्यांत हिरडी आवळून बसते आणि किंचित हलणारे दात पुष्कळदा थोडे घट्ट होतात. मधुमेहात हिरडीचा आजार बळावतो आणि हिरडीचा आजार साखर आटोक्यात येऊ देत नाही, त्यामुळे आईंच्या बाबतीत हे काम दाढेइतकेच महत्त्वाचे आहे.

डोळ्यांचा आणि दातांचा संबंध नाही. वरच्या दातांची नस आणि दृष्टीची नस वेगळ्या आहेत. ज्या वयात दात पडतात त्याच वयात मोतीबिंदू होतो, म्हणून माणसांनी दोन्ही गोष्टी जोडल्या.

उत्तर – कऱ्हाडचा वाचक

डॉक्टरांनी सर्व लिहिलेच आहे. मी दाढ काढण्याच्या बाजूचा अनुभव सांगतो. माझ्या वडिलांची अशीच खालची दाढ आम्ही सहा वर्षांपूर्वी काढून टाकली, कारण कॅपचा खर्च तेव्हा जड वाटला. काढताना काहीच त्रास झाला नाही. दवाखान्यातून निघताना कापसाचा बोळा दाबून धरायला आणि दिवसभर थुंकू नका, चूळ भरू नका असे सांगितले होते. परंतु वडिलांना तंबाखूची सवय, त्यांनी संध्याकाळीच चिमूट तोंडात टाकली आणि नेहमीप्रमाणे थुंकत राहिले. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणाऱ्या कळा सुरू झाल्या आणि तोंडाला घाण वास येऊ लागला. जखमेतील रक्ताची गुठळी निघून गेल्यामुळे हाड उघडे पडले होते. खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरण्यासाठी आम्हाला चार फेऱ्या माराव्या लागल्या. मिश्री म्हणजे तंबाखूच, म्हणून दाढ काढण्याची वेळ आलीच तर आपल्या आईंना हे आधीच सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात आली. रिकाम्या जागेकडे मागची दाढ कलली आणि वरची दाढ खाली उतरली. आता त्या फटीत मटकीची डाळ, मेथीची पाने अडकतात आणि वडील सगळे डाव्या बाजूनेच चावतात. मागच्या वर्षी विचारले तेव्हा पर्याय तीन निघाले : दोन्हीकडचे चांगले दात घासून त्यांवर ब्रिज बसवणे, हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून काही महिन्यांनी त्यावर दात लावणे, किंवा काढ-घाल करायची छोटी कवळी. पहिले दोन्ही पर्याय आम्हाला सांगितलेल्या रूट कॅनल आणि कॅपच्या खर्चापेक्षा बरेच महाग होते. आम्ही वाचवलेले पैसे असे फिरून समोर आले.

खर्चाचीच अडचण असेल तर मुंबईतील शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये येथे हीच कामे खाजगी दवाखान्याच्या तुलनेत पुष्कळ कमी पैशांत होतात. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे वेळ अधिक लागतो आणि खेपा वाढतात. गावाहून जाणाऱ्या ६३ वर्षांच्या बाईंना ते कितपत झेपेल, याचा विचार मात्र करावा लागेल.

उत्तर – आरोग्यसेविका

ताई, मी मिश्रीबद्दलच लिहिते, कारण त्या बाजूने कुणी फारसे बोलत नाही. आपल्याकडे बाया तव्यावर काळी तंबाखू भाजून, चुरून डबीत भरून ठेवतात आणि त्याला दात घासणे म्हणतात, व्यसन म्हणत नाहीत. सकाळी उठल्यावर, भाकरी झाल्यावर, शेतातून आल्यावर अशी बोटे फिरत राहतात. १९९२ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूयुक्त टूथपेस्ट आणि दंतमंजनावर बंदी घातली, पण घरच्या तव्यावर ती कशी पोहोचणार? आईंशी बोलताना ‘व्यसन सोड’ असे म्हणू नका. त्या दुखावतील आणि डबी लपवतील. मी बायांना एवढेच विचारते की मिश्री लावली नाही तर डोके धरते का, पोट साफ होत नाही का. ‘हो’ म्हणाल्या की त्यांचे त्यांनाच कळते.

तंबाखूमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे आजार असूनही रक्त कमी येते आणि हिरड्या मिश्रीमुळे घट्ट झाल्या असे वाटते. मिश्री सोडल्यावर सुरुवातीला रक्त जास्त आले तर घाबरून पुन्हा सुरू करू देऊ नका. एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची बंद करा, मग संध्याकाळची. तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा क्रमांक विनामूल्य आहे.

आणि पुढच्या खेपेला घरी जाल तेव्हा दिवसाच्या उजेडात आईंना दारात बसवून तोंड उघडायला सांगा. मिश्री जिथे घासतात ती ओठांची आतली बाजू, गालांच्या आतल्या भिंती, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा नीट पाहा. पुसूनही न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा बोटाला लागणारी कठीण गाठ दिसली, तर ती दुखत नाही म्हणून सोडू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही, आणि त्याच अवस्थेत तो बरा होण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

कोरेगावची लेक

आपणा तिघांचेही मनापासून आभार. रविवारी घरी गेले होते आणि सोमवारी रजा काढून आईला दवाखान्यात नेले. एक्स-रेमध्ये कीड गाभ्यापर्यंत गेलेली स्पष्ट दिसली. मुळांभोवतीचे हाड मात्र बरेच शाबूत आहे आणि तीन भिंती भक्कम आहेत, असे दंतवैद्यांनी दाखवले. मी तिन्ही प्रश्न लिहूनच नेले होते. नसेवरचा दाब कमी करण्यासाठी त्यांनी त्याच दिवशी दाढ उघडून आतले काढले आणि वर तात्पुरते सिमेंट भरले. आई त्या रात्री अकरा ते सहा झोपली. दात साफ करण्यासाठी पुढच्या आठवड्याची वेळ दिली आहे.

आरोग्यसेविका ताई, आपण सांगितल्याप्रमाणे दारात बसवून पाहिले. खालच्या ओठाच्या आत, जिथे ती मिश्री धरते तिथे, सुरकुतलेला पांढरट पट्टा आहे. दंतवैद्यांनाही तो दाखवला. मिश्री पूर्ण बंद करून दोन आठवड्यांनी दाखवा, तेव्हाही दिसला तर तुकडा तपासायला पाठवू, असे ते म्हणाले. हे योग्य आहे का, की आत्ताच पाठवावा?

निवृत्त दंतवैद्य

पट्टा मऊ, एकसारखा पांढरट आणि नेमका मिश्री धरण्याच्या जागी असेल, त्यावर लाल ठिपका, व्रण किंवा कडकपणा नसेल, तर दोन आठवडे थांबून पाहणे ही रूढ आणि योग्य पद्धत आहे. तंबाखूच्या सततच्या स्पर्शाने आलेले असे बदल ती बंद झाल्यावर पुष्कळदा निवळतात. अट एकच, की मिश्री खरोखर पूर्ण बंद हवी; दुपारची बंद आणि सकाळची चालू असे असेल तर ही तपासणी निरुपयोगी ठरते. म्हणून हे दोन आठवडे हळूहळू कमी करण्याचा मार्ग बाजूला ठेवा. आज त्या पट्ट्याचा मोबाइलवर उजेडात फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या भेटीत तुलना करता येईल. मधल्या काळात तो जाड झाला, लाल झाला किंवा त्यातून रक्त आले तर दोन आठवडेही थांबू नका. आणि दात साफ करायची वेळ पुढच्या आठवड्यात आहेच, तर त्या दिवशीही तो पट्टा दंतवैद्यांना पुन्हा पाहायला सांगा.